नॉर्बर्टने लिहिलेली अंतिम जोडी

फेलिक्स गपिन्स्कीला लोकांना हसवता यायचं. तीस वर्षं त्याने शहराच्या बसगॅरेजमध्ये इंजिनं दुरुस्त केली, पण मिलवॉकीच्या दक्षिण भागातली आम्ही म्हातारी मंडळी त्याला ओळखायचो ते दर ऑक्टोबरातल्या एका सकाळीसाठी. दर मंगळवारी चर्चच्या तळघरातल्या हॉलमध्ये आमची कॉफी आणि हॅम घातलेले कडक पाव असत. बेसबॉलचे प्लेऑफ, म्हणजे हंगामाअखेरचे बाद फेरीचे सामने, सुरू व्हायच्या मंगळवारी प्रत्येकाने एक कागद द्यायचा. आठ संघांपैकी कोण कोणाला हरवणार, किती सामन्यांत, आणि शेवटी जेतेपदासाठी गाठ कोणाची पडणार, ते त्यावर लिहायचं. ज्याचं जास्त बरोबर येईल त्याला खाटकाकडचं सॉसेजचं एक वेटोळं मिळे. गावातला आमचा आताचा संघ त्या आठांत सतरा वर्षं आला नव्हता, त्यामुळे कोणाचं कोणाशी भांडण नव्हतं.

कागद फेलिक्स मोठ्याने वाचायचा. खरी मजा त्यातच होती.

"अॅडेल, परत टेक्सास? जावई तिकडचा म्हणून किती वर्षं हरत राहणार आहेस?"

"तू वाच रे गुमान," अॅडेल म्हणायची, आणि स्वतःच हसायची.

त्या वर्षी, म्हणजे १९९९ साली, असे सात-आठ कागद वाचून झाले आणि नॉर्बर्ट क्लिमेकचा कागद हाती आला. नॉर्बर्ट त्याच गॅरेजमध्ये फेलिक्सच्या शेजारच्या, बसखाली उतरायच्या खड्ड्यात काम करायचा. पंचेचाळीस वर्षांची दोस्ती. कागदावर ठसठशीत, जपून काढलेली अक्षरं होती. वरच्या जोड्यांच्या जागा कोऱ्याच होत्या. खाली एकच ओळ : ब्रेव्ह्ज विरुद्ध यँकीज. मिलवॉकी जिंकणार, सात सामन्यांत.

ब्रेव्ह्ज एके काळी आमचेच होते; १९५७ साली त्यांनी यँकीजना सात सामन्यांत हरवून जेतेपद आणलं होतं. पण ते गाव सोडून अटलांटाला गेले त्याला चौतीस वर्षं झाली होती.

फेलिक्सने चष्मा कपाळावर चढवला. "मंडळी, नॉर्बला कोणीतरी सांगा, ब्रेव्ह्जनी घर बदललं! पत्र पोचलं नाही वाटतं याला!"

हॉल खदखदून हसला. नॉर्बर्टही हसला, पण आधी बायकोकडे, लुसिलकडे बघून. फेलिक्सला रंग चढला.

"बरं, पहिल्या दिवशी चेंडू कोण टाकणार?"

"आपला डावरा," नॉर्बर्ट म्हणाला. "दुसरं कोण टाकणार?"

"वा! आणि जायचं कसं? ट्राम पकडायची?" गावातली ट्राम बंद होऊन चाळीसेक वर्षं झाली होती.

"ट्रामच बरी. गर्दी असेल." नॉर्बर्ट उठून उभा राहिला आणि खुर्चीच्या पाठीवर कोट शोधू लागला. "लुसिल, किती वाजता निघायचं गं?"

आम्ही सगळे एकदम थांबलो. फेलिक्सची पाठ नॉर्बर्टकडे होती, तो टेबलावर थाप मारत होता. दोन-तीन क्षण त्या हॉलमध्ये तो एकटाच हसत होता. मग त्याने आमचे चेहरे पाहिले आणि मागे वळला. लुसिल नवऱ्याच्या कोटाची बटणं लावत होती, खालून वर, एकेक. ती दोघं जिना चढून गेली. आधी हसलेल्यांत मीही होतो.

फेलिक्सने उरलेले कागद वाचले नाहीत.

मला त्याने पुढे सांगितलं ते असं. जूनमध्ये नॉर्बर्ट त्याच्या घरी आला होता आणि आत डोकावून म्हणाला होता, "रीटा कुठे गेली?" रीटा म्हणजे फेलिक्सची बायको. तिला जाऊन पाच वर्षं झाली होती, आणि तिच्या शवपेटीला खांदा देणाऱ्यांत नॉर्बर्ट होता. "मी म्हटलं, बाजारात गेलीय," फेलिक्स मला म्हणाला. "थट्टेवारी नेलं. पण मला कळलं होतं रे. त्या दिवशीच कळलं होतं. आणि तरी कागद हातात आल्यावर मला फक्त विनोद दिसला."

दुसऱ्या दिवशी दुपारी तो क्लिमेकांच्या दारात जाऊन उभा राहिला. लुसिलने दार अर्धंच उघडलं.

"मी माफी मागायला आलोय. नॉर्बची."

"त्याला काही आठवत नाही," ती म्हणाली. "आठवतंय ते मला."

फेलिक्सने डोक्यावरची टोपी काढली.

"दोन तास बसला होता त्या कागदावर. मी खोडून नीट लिहून देऊ शकले असते. म्हटलं, त्याच्या हातचं आहे, राहू दे. वाचणारा फेलिक्सच आहे, सांभाळून घेईल."

एवढ्यात आतून नॉर्बर्टची हाक आली, "कोण, फेलिक्स? ये की, मॅच लागलीय!" लुसिलला दार पूर्ण उघडावं लागलं. टीव्हीवर ब्रेव्ह्जच खेळत होते. नॉर्बर्टने शेजारची उशी थोपटली, फेलिक्स बसला.

"आपण किती पुढे आहोत?" नॉर्बर्टने विचारलं.

आपण म्हणजे कोण, हे फेलिक्सला ठरवता येईना. त्याने स्वयंपाकघराकडे पाहिलं. लुसिलने त्याच्याकडे पाहिलंही नाही. "चांगलं चाललंय," तो शेवटी म्हणाला.

तीन आठवड्यांनी अंतिम गाठ खरोखरच ब्रेव्ह्ज आणि यँकीज यांची पडली. मंगळवारी गुण मोजताना अॅडेल हळूच म्हणाली, "जोडी तर नॉर्बर्टचीही बरोबर आली."

"पण गाव चुकलं ना," कोणीतरी म्हणालं.

"गुण द्या त्याला," फेलिक्स म्हणाला आणि उभा राहिला. "आणि मला काही सांगायचंय. त्याचं असं झालंय हे मला जूनपासून माहीत होतं. माहीत असून मी त्याला तुमच्यासमोर नाचवला."

कोणी चमचा फिरवत होतं, कोणी पावाचे कण गोळा करत होतं. शेवटी अॅडेल म्हणाली, "बस आता, फेलिक्स. कॉफी गार होतेय." तो बसला. सांगून मन हलकं होईल असं त्याला वाटलं होतं. झालं नाही.

क्लिमेक नवराबायको प्रार्थनेला येत राहिली, पण खाली हॉलमध्ये परत कधी आली नाहीत. पुढच्या वर्षी कागद अॅडेलने वाचले, शाळेत हजेरी घेतल्यासारखे. नॉर्बर्टला वृद्धाश्रमात ठेवल्यावर फेलिक्स दर गुरुवारी जायचा, त्याची दाढी करून द्यायचा. लुसिल भेटली तर कामापुरतं बोलायची : मोजे धुवायला नेलेत, खिडकी लावून जा. त्याने पुन्हा कधी माफी मागितली नाही. मागायला गेलो तर तो दिवस तिला पुन्हा बघायला लावल्यासारखं होईल, असं तो म्हणायचा.

नॉर्बर्ट गेला तेव्हा लुसिलने फेलिक्सला फोन केला. पेटी उचलायला सहा जण हवे होते.

"तिने माफ केलं असेल का रे मला," त्याने नंतर मला विचारलं, "की उंचीला जुळणारा सहावा माणूस मिळत नव्हता?"

मी म्हटलं, मला माहीत नाही. मला खरंच माहीत नव्हतं.