मोजणीच्या दिवशी मी दिलेलं उत्तर

पेडण्यातल्या कोरगावच्या वाचनालयाने वर्धापनदिनाला मला बोलायला बोलावलं होतं. विषय त्यांनीच ठरवला होता: जगातली संपत्ती मूठभर लोकांच्या हातात का गोळा होते. मी मूळचा त्या गावचा, निवृत्त शिक्षक, रोज दोन-तीन वर्तमानपत्रं वाचतो, एवढी पात्रता त्यांना पुरली. डिचोलीहून बसने गेलो. देवळाच्या सभामंडपात पन्नासेक माणसं होती.

भाषण बरं झालं. खाणपट्ट्यातल्या पाळी गावच्या शाळेत मी बरीच वर्षं शिकवलं. खनिजाचे ट्रक शाळेसमोरून जात, मुलांच्या वह्यांवर लाल धूळ बसे, आणि त्या मातीवर श्रीमंत झालेला मालक गावात क्वचितच दिसे. तिथपासून सुरुवात करून मी थेट जगातल्या अब्जाधीशांपर्यंत गेलो. खाणमालकावर बोलणं मला नेहमीच सोपं गेलं. त्याच्या श्रीमंतीत माझा हात नव्हता.

मग चर्चा. बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ उठले. "मास्तर, उद्या सगळं सारखं वाटून टाकलं तरी दहा वर्षांनी परत तेच लोक श्रीमंत होणार. त्याला डोकं लागतं."

मागून हार्डवेअरचा दुकानदार म्हणाला, "डोकं कसलं? आमच्या वाड्यावर एकाने बापजाद्यांचं भाट, अख्खी बागायत विकली नि गाडी घेतली. त्याचं डोकं मी पहिलीपासून ओळखतो. बाजूलाच बसायचा."

हसणं थांबल्यावर मी म्हटलं, "संपत्तीच्या मुळाशी अक्कल कमी असते आणि कागद जास्त. जमिनीच्या कागदावर कोणाचं नाव लागलं आणि कोणाचं राहिलं, ते आधी बघा."

टाळ्या पडल्या. हे वाक्य मी कुठून काढलं, ते तिथे फक्त एका बाईला कळलं असणार. चहा झाल्यावर ती माझ्यापाशी आली. सत्तरीची, मोडलेल्या चष्म्याला दोरा बांधलेला.

"मास्तरानू, तुमी सगळ्या जगाचा सांगलात," ती म्हणाली. "आता माज्या घराचा मामलेदाराकडे सांगूक येशात?"

तिचं घर आमच्या काजूच्या डोंगरावर आहे. तिचा नवरा सिंधुदुर्गातून आमच्याकडे कामाला आला होता. माझ्या वडिलांनी त्याला डोंगरावर घर बांधून राहायला सांगितलं. त्याने मातीच्या भिंती उभ्या केल्या, लग्न करून हिला आणलं, मुलं झाली. अशा माणसाला आमच्याकडे मुंडकार म्हणतात. जमीन भाटकाराची, म्हणजे मालकाची, घर मुंडकाराचं. पूर्वी भाटकार म्हणेल त्या दिवशी त्याला निघावं लागे. पुढे कायदा आला आणि राहत्या घरावर मुंडकाराचा हक्क मानला गेला. तो कायदा येणार अशी बोलणी चालू असतानाच आमच्या गावात जमिनीची मोजणी आली.

तेव्हा मी पंचविशीत होतो, नुकताच नोकरीला लागलो होतो. वडिलांना कागदपत्रातलं कळत नसे, म्हणून मोजणीदाराबरोबर डोंगरावर मी गेलो. ते कुटुंब त्या दिवशी आपल्या गावी देवीच्या जत्रेला गेलेलं होतं. दाराला कुलूप होतं. घराच्या मागे शेडमध्ये आमची काजूची दारू गाळायची भट्टी होती. मोजणीदाराने घराकडे बोट करून विचारलं, "हे काय?"

मी म्हटलं, "भट्टीच आहे ती. हंगामापुरती माणसं असतात."

त्याने लिहून घेतलं आणि आम्ही पुढच्या हद्दीकडे गेलो. एवढंच. वडिलांनी मला असं सांगायला सांगितलं नव्हतं. त्यांना मी ते कधी कळूही दिलं नाही.

त्या एका उत्तराने काय झालं, ते मला तुकड्यातुकड्याने कळत गेलं. कागदावर घर नव्हतं म्हणून घराला नंबर मिळाला नाही. नंबर नाही म्हणून वीज नाही. विजेसाठी आमची संमती चालली असती. ती मागायला तिचा नवरा एकदा डिचोलीला माझ्याकडे आला होता, पिशवीत फणस घेऊन. "बघू," मी म्हटलं, आणि फणस ठेवून घेतला. मधल्या काळात आम्ही डोंगराची खालची बाजू विकली. त्या पैशांत माझं घर झालं, मुलगा इंजिनिअर होऊन परदेशी गेला. त्यांचा मुलगा रॉकेलच्या दिव्याखाली शिकला, दहावीला अडला आणि पाळीला ट्रकवर क्लीनर म्हणून लागला. दोन्ही मुलं एकाच वर्षी जन्मलेली.

आता वरच्या बाजूला गिऱ्हाईक आलं आहे. विमानतळ झाल्यापासून पेडण्यातल्या डोंगरांना दिल्लीहून गिऱ्हाइकं येतात. त्याला जागा मोकळी हवी होती. नवरा वारल्यावर बाईने मुंडकार म्हणून नोंद व्हावी यासाठी मामलेदाराकडे अर्ज केला होता. माझ्या धाकट्या भावाने उत्तर दिलं, की ही हंगामी मजुरांची भट्टी आहे, मोजणीचा कागद बघा. ते उत्तर माझंच होतं. आणि त्या दिवशी डोंगरावर हजर असलेल्यांपैकी आता मी एकटाच जिवंत आहे.

मी भावाकडे गेलो आणि साक्ष देणार असल्याचं सांगितलं.

"दादा, तुका पिसां लागलां काय रे?" तो म्हणाला. "जगातल्या श्रीमंतांचां वाटून टाक मरे, तुका कोण आडयता? आमचां कित्याक वाटतां?"

मी म्हटलं, "आमचं नाही ते. तिचं आहे."

"ह्या वयात आठवलां?"

"आठवण कायम होती."

भावजयीने चहा आणला होता, तो तसाच राहिला.

सुनावणीच्या दिवशी मामलेदार कचेरीत बाहेरच्या बाकावर एका टोकाला ती बसली होती, दुसऱ्या टोकाला मी. तिला मी आयुष्यभर एकेरीच हाक मारत आलो. ती मला अहो-जाहो करते. वयात आमचं फार तर सात-आठ वर्षांचं अंतर असेल.

मामलेदार माझ्या मुलीच्या वयाच्या होत्या. मी सगळं सांगितलं. भावाचा वकील उभा राहिला. साक्षीदाराचं वय झालंय, इतक्या वर्षांपूर्वी तिथे कोण राहत होतं हे यांना नक्की कसं आठवतं, असं त्याने विचारलं.

"घराची किल्ली माझ्या खिशात होती," मी म्हटलं. "जत्रेला जाताना ते माझ्या आईकडे ठेवून गेले होते, कोंबड्यांना दाणा घालायला. त्या सकाळी मीच घातला होता. आत पाळणा टांगलेला होता."

ती मागून म्हणाली, "किल्ली मीच दिलंय तुमच्या आवशीकडे."

तिला गप्प बसायला सांगण्यात आलं. मामलेदारांनी मला विचारलं, "मग भट्टी का सांगितलीत?"

याचं मोठं उत्तर मी घरून तयार करून नेलं होतं. त्यात काळ होता, कायद्याबद्दलच्या अफवा होत्या, माझं वय होतं. त्यातलं काही सांगितलं नाही. "घर म्हटलं असतं तर त्यांचा हक्क लागला असता. तो लागू नये म्हणून."

कारकून माझी साक्ष इंग्रजीत टाइप करत होता. सहीसाठी कागद पुढे आला तेव्हा मी चष्मा लावून वाचला. मी नजरचुकीने सांगितलं असा अर्थ होईल असं त्याने लिहिलं होतं. माझ्याबद्दलची सहानुभूती असावी.

"हे बदला," मी म्हटलं. "नजरचूक नव्हती. जाणूनबुजून सांगितलं होतं."

"तसं लिहिलं तर तुमच्यावरच येईल, सर," तो हळूच म्हणाला.

"येऊ दे."

त्याने मामलेदारांकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली. तो पुन्हा टाइप करेपर्यंत मी थांबलो आणि मग सही केली. मामलेदार जागेवर येऊन पाहणी करणार, निकाल त्यानंतर.

बाहेर आल्यावर तिने विचारलं, "वीज येतली मगे?"

"निकाल लागायला वेळ आहे."

"तेवाच सांगला असतात तर ह्येंका बघूक गावला असता," ती म्हणाली. नवऱ्याबद्दल बोलत होती. आवाजात राग नव्हता. पाहणीला माणसं येतील तेव्हा घर उघडं ठेव, एवढं सांगून मी डिचोलीच्या बसकडे गेलो.

हे लिहितो आहे तोवर पाहणी झालेली नाही. भाऊ फोन उचलत नाही. दिल्लीचं गिऱ्हाईक शेजारच्या डोंगराची बोलणी करतंय असं ऐकतो.