उंचीसाठी पायाला शाडूच्या पिशव्या

मंडळी, आज एकाही मूर्तीचे डोळे रंगवता आले नायत.

दुपारी जेवून पेणच्या आमच्या गणपती कारखान्यात परत आलो, तर माझी पंधरा वर्षांची पोरगी मोठ्या मूर्तीसाठी बांधलेल्या बांबूला लटकलेली. दोन्ही पायांना शाडूच्या पिशव्या बांधलेल्या! तोंड लालबुंद. धावत जाऊन तिला खाली उतरवली.

"काय करत होतीस गो?"

"उंची वाढवत होते. पोलीस भरतीला कमी पडेल ना!"

तशीच डॉक्टरांकडे नेली. खांदा दुखावलाय, बाकी ठीक हाय. डॉक्टर तिला म्हणाले, "उंची बरीचशी आईबापाकडून येते. नीट खा, झोप पुरी घे, खेळ. लटकून हाडं लांब होत नाहीत."

बाहेर आल्यावर मी तिच्यावरच चिडलो. "हे खूळ कुणी घातलं तुझ्या डोक्यात?"

ती हळूच म्हणाली, "बाबा, मूर्ती मोजायच्या काठीनं दर महिन्याला मला कोण मोजतं? आणि दरवेळी 'अजून एवढीच?' कोण म्हणतं?"

आत्ता ती काठी समोर हाय. तिच्यावर पोरीच्या उंचीच्या खुणा हायत, सगळ्या माझ्याच हातच्या.

खरं सांगा, तुमच्या घरात अशी काठी कुणाच्या हातात हाय?