कवळी आणि एक जिना

माझे काका कवळ्या करतात. त्यांच्या हातचे दात इतके देखणे असतात की मूळच्या दातांनी ओशाळावं. त्यांचं वर्कशॉप तळमजल्यावर, आणि ज्यांच्यासाठी ते काम करतात त्या डॉक्टरीणबाईंचा दवाखाना बरोबर वरच्या मजल्यावर. मध्ये एक जिना. कठडा असलेला, भरपूर उजेडाचा, अगदी सभ्य जिना. काकांची सगळी कारकीर्द या जिन्यानं खुंटवली, असं काकूचं मत आहे.

त्या आठवड्यात एका निवृत्त मुख्याध्यापिकेची कवळी सोमवारीच तयार झाली. बाईंची धाकटी बहीण कित्येक वर्षांनी परदेशातून येणार होती, गुरुवारी, तीही एका दुपारपुरती. "तिच्यासमोर मी बोळकं घेऊन बसणार नाही," असं बाईंनी डॉक्टरीणबाईंना बजावून ठेवलं होतं. म्हणजे काकांचं काम एवढंच, की डबी उचलायची आणि वर नेऊन द्यायची.

"एका कवळीसाठी जिना कोण चढणार?" काका म्हणाले. "दुसरी होतेच आहे. दोन्ही एकदम नेतो."

दुसरी झाली, तोवर जेवणाची वेळ झाली. भरल्या पोटी जिना चढणं प्रकृतीला चांगलं नाही. संध्याकाळी डॉक्टरीणबाई घाईत असतात, आणि घाईतल्या माणसाला त्रास द्यायचा नाही, असे काकांवर संस्कार आहेत.

मंगळवारी वरून फोन आला. "काका, झाली का हो बाईंची कवळी?"

"झाल्यातच जमा. पॉलिशचा एक हात राहिलाय फक्त."

पॉलिश कधीच झालं होतं. पण काका खोटं बोलणाऱ्यातले नव्हेत. बोलून गेले म्हणून त्यांनी लगेच चाक सुरू केलं आणि कवळीवर खरोखरच आणखी एक हात मारला. पुढच्या फोनला आणखी एक. मन खायला लागलं की ते जिन्याकडे न जाता चाकाकडे जात. कवळी आरशासारखी चकाकू लागली.

बुधवारी काकू डबा घेऊन आली. "अहो, वर जाऊन आलात का?"

"कामात आहे, दिसत नाही?"

"दिसतंय ना. माझं तोंडसुद्धा दिसतंय त्यात. द्या इकडे, मी नेते."

"तू? कारागिरानं आपलं काम स्वतः नेऊन द्यायचं असतं. त्याला एक पद्धत असते."

पद्धत आणखीही एक असते. कवळी चाकावर फार वेळ धरायची नाही. ती तापते, आणि तापली की नकळत वाकते. हे काका येईल त्याला ऐकवतात, मलाही लहानपणापासून तोंडपाठ आहे.

गुरुवारी सकाळी डॉक्टरीणबाई स्वतःच खाली येऊन डबी घेऊन गेल्या. थोड्याच वेळात परत आल्या, मागोमाग तोंडाला रुमाल लावून बाई.

"काका, ही टाळूला बसतच नाही. बाईंनी 'बरं' म्हटलं की गळून पडते. नवं माप घेतलंय, आतून नवा थर द्यावा लागेल."

काकांनी कवळी उजेडात धरून उलटीपालटी केली. "संध्याकाळपर्यंत वर पाठवतो."

"तुम्ही पाठवणार?" रुमालाआडून बाई म्हणाल्या. त्यांनी स्टूल ओढलं आणि काकांच्या समोर बसल्या. "डॉक्टर, माझ्या बहिणीला फोन करा. म्हणावं घरी जाऊ नकोस, इथेच ये."

बहीण बॅग घेऊन थेट वर्कशॉपमध्ये आली. मिठी झाली, पण रुमाल हलला नाही.

"ताई, काढ ना तो."

"नाही."

"मग मी ओळखायचं कसं तुला?"

"आवाजावरून ओळख."

बहिणीनं फळीवर मांडलेल्या प्लास्टरच्या जबड्यांवरून नजर फिरवली. "यातली माझी ताई कुठली हो? हा रागावलेला दिसतोय, हाच असणार."

बाई हसल्या. आधी खांदे हसले, मग अख्ख्या बाई. रुमाल मांडीवर पडला, तो त्यांनी उचलला नाही. दुपारभर दोघी बोलत होत्या, एकमेकींचं वाक्य तोडत. काका कवळीवर वाकून बसले होते. हात जरा थबकला की एक वर्गातला आवाज यायचा, "हं, चालू द्या तुमचं." वर्कशॉपच्या इतिहासात काका प्रथमच चहाला उठले नाहीत.

कवळी झाली तेव्हा दारात गाडीचा हॉर्न वाजत होता. बाईंनी ती घातली. चपखल बसली. बहिणीनं मान तिरकी करून बघितलं.

"छान दिसतेस गं. पण पुन्हा शाळेतली बाईच दिसायला लागलीस."

बाईंनी कवळी काढली, डबीत ठेवली, आणि तशाच बोळक्यानं बोलत बहिणीला गाडीपर्यंत सोडायला गेल्या.

रात्री जेवताना काका खुशीत होते. "आज एक गिऱ्हाईक आलं होतं," ते काकूला म्हणाले. "काम एवढं आवडलं बाईंना, दुपारभर जागच्या हलायला तयार नाहीत."