नावाची ठेव

नोकरीतली कितीतरी प्रकरणे आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. जोंधळ्याच्या चोरीची ती घटना मात्र आजही जशीच्या तशी आठवते, आणि आठवली की माझी मान थोडी खाली जाते.

महाराजांच्या राज्यातले दिवस. प्लेग नुकताच ओसरला होता. मी कोल्हापुरात फौजदार होतो. वय कमी, आणि अक्कल त्याहून कमी. सरकारी कोठारात दोन पोती जोंधळा कमी भरला. तिसऱ्या दिवशी कोठाराचा मापाडी आपण होऊन ठाण्यात आला.

"सायेब, त्या ख्रिस्ती मंडळीचा कारभारी हाय न्हवं, खोगीर शिवणारा? त्येच्या घरात बघा की. घरं ईस-बावीस, आन् बाजारात धान्य इकतोय पोत्यानं. आलं कुठनं?"

या मंडळीची एक रीत होती. रोज चूल पेटवण्याआधी घरची बाई मूठभर धान्य वेगळ्या गाडग्यात टाकी. शनिवारी कारभारी घरोघर जाऊन ते गोळा करी, निवडून, पाखडून मंगळवार पेठेत विकी आणि पैसे पेटीत ठेवी. पेटी विधवांसाठी आणि आजाऱ्यांसाठी होती. तिची किल्ली त्याच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात असे.

झडती घेतली. मुठीच्या धान्याशेजारी तोंड बांधलेले एक निराळे पोते निघाले. पेटीतले पैसे पंचांसमोर मोजले. ते पैपर्यंत बरोबर होते. पैसे कमी पडल्याच्या तक्रारी मी पुष्कळ पाहिल्या होत्या. इथे धान्य जास्त होते, आणि तोच गुन्हा ठरत होता.

"हे पोते कुणाचे?" मी विचारले.

"दिलेलं हाय. चोरीचं न्हाय."

"कुणी दिले?"

"ते सांगता येणार न्हाय, सायेब."

साठीचा माणूस, सुया टोचून बोटे काळी पडलेली. मी त्याला मारले नाही, पण ठाण्याच्या आवारात दिवसभर उन्हात उभा केला. त्याची आज लाज वाटते. संध्याकाळी पुन्हा विचारले, तेव्हा तो पाण्याचा तांब्या खाली ठेवून शांतपणे म्हणाला, "पैशाची ठेव असती तर तुमच्यापुढं मोजून दावली असती. ही नावाची ठेव हाय. ती दावली की मोडली."

रात्री त्याला कोठडीत ठेवले. दुसऱ्या दिवशी सकाळी मंडळीचे पाळक दोन वडीलधाऱ्यांना घेऊन आले. त्यांनीही तेच विचारले, त्यानेही तेच उत्तर दिले. त्यातले एक गृहस्थ म्हणाले, "कारभारी, पेटी देवाची आहे. संशयाच्या हाती ती राहू नये." म्हाताऱ्याने गळ्यातला दोरा काढला आणि किल्ली माझ्या टेबलावर ठेवली. पंधरा वर्षे ती त्याच्या छातीवर होती. त्याचे डोळे भरून आले.

ते गेल्यावर मी ते पोते चटईवर ओतले. हे काम मी पहिल्याच दिवशी करायला हवे होते. कोठारातला जोंधळा एकजात असतो आणि किडीसाठी त्यात राख नि कडुनिंबाचा पाला घालतात. इथे राखेचा कण नव्हता. जोंधळा होता, पण त्यात गहू, हरभरा, तूर, मिरचीच्या चार बिया, सुतळीचे धागे आणि माती. गरिबाच्या घरून मुठीने गहू येत नाही. असे मिसळलेले धान्य एकाच ठिकाणी मिळते, ते म्हणजे धान्यबाजाराच्या जमिनीवर.

बाजार उठल्यावर जमीन झाडणाऱ्या बायकांना सांडलेले धान्य घेण्याचा जुना हक्क होता. त्या संध्याकाळी मी बाजारात जाऊन कडेला उभा राहिलो. सगळ्या जणी आपापले धान्य पदरात बांधून गेल्या. एकीने मात्र आपल्या ढिगाचे दोन वाटे केले. मी जवळ जाताच तिने एक वाटा पदराखाली ओढला.

"त्यास्नी माज्यापायी धरलंय व्हय?"

तिनेच सगळे सांगितले. प्लेगात तिच्या मुलीला गाठ आली, तेव्हा भावबंदांनी पोरीला झोपडीबाहेर टाकले. या मंडळीतल्या बायकांनी तिच्या उशाशी बसून तिला वाचवले. "मी काय देनार वो? माज्याजवळ सांडलेलंच हाय. त्येच त्यास्नी पोचवतो. पर भावबंदांस्नी कळलं की वाळीत टाकतील. पोरीचं लगीन ठरलंय, सायेब." मग डोळे पुसून उठली. "ऱ्हाऊ दे लगीन. चला, मी जबानी देतो. म्हातारं माणूस कोठडीत हाय."

मी तिला घरी पाठवले.

राहिला मापाडी. खबर देणारा माणूस खबर दिली की निघून जातो, असा माझा अनुभव. हा मात्र त्या दिवशी ठाण्यात घुटमळत राहिला होता, आपले बोलणे कितपत लागू पडले ते पाहत. चोराच्या उलट्या बोंबा! त्याच्या मेहुण्याच्या कडब्याच्या गंजीत दोन्ही पोती सापडली, राख आणि पाल्यासकट.

म्हाताऱ्याला सोडताना मी पाळकांना आणि त्या दोन वडीलधाऱ्यांना बोलावून सांगितले, की धान्य चोरीचे नाही, मी खात्री केली आहे. ते वडीलधारे गृहस्थ म्हणाले, "मग नाव सांगायला हरकत काय?" म्हाताऱ्याने माझ्याकडे पाहिले. मी गप्प बसलो. किल्ली काही त्याला परत मिळाली नाही.

त्यानंतरही तो दर शनिवारी घरोघर जाई, धान्य निवडी, विकी आणि पैसे नव्या कारभाऱ्याच्या हाती मोजून देई. काही घरांतून त्याच्यासमोर मूठ जरा सावकाश ओतली जाई, लोक त्याच्याकडे रोखून पाहत. तो खाली बघून "देव बरं करो" म्हणे आणि पुढच्या दाराशी जाई.

काही वर्षांनी ती बाई वारल्याचे कळले. मुलगी केव्हाच सासरी नांदत होती. म्हातारा काम करी त्या पागेत मी मुद्दाम गेलो. तो खोगिराला टाके घालत बसला होता.

"आता सांगून टाका," मी म्हणालो. "तुमची किल्ली तुम्हाला मिळेल. मी साक्ष देतो."

त्याने टाका ओढून घेतला, दोरा दातांनी तोडला. "ती मेली, सायेब. म्या दिल्याला शब्द कुठं मेलाय?"

विश्वासू माणूस म्हणजे पेटीतले पैसे बरोबर ठेवणारा, एवढेच मी तोवर समजत होतो. पैशाचा हिशेब कुणालाही दाखवता येतो आणि तो जुळला की लोक शाबासकीही देतात. या माणसाकडे अशी एक ठेव होती, जिचा हिशेब त्याला कधीच दाखवता येणार नव्हता. ती सांभाळण्यासाठी त्याने लोकांचा विश्वास गमावला, आणि पुन्हा त्याच लोकांसाठी राबत राहिला.

ठाण्याच्या रोजनिशीत त्या प्रकरणात 'धान्य देणार' या शब्दांपुढची जागा मी कोरी सोडली होती. बदली झाली तेव्हा नव्या फौजदारांनी त्यावर बोट ठेवले आणि इथे काय लिहायचे राहिले, असे विचारले. मी म्हणालो, काही नाही. आज हे लिहितानाही ते नाव माझ्या ओठांवर आहे, आणि तिथेच ते राहील.