खोड क्रमांक एक

माझे मामा वनस्पती कार्यालयात वाळवलेली झाडंझुडपं कागदावर चिकटवायचे. तीस वर्षं तेच. जंगलातून आले की कार्यालयाच्या मागच्या पायरीवर बसून मोज्यांना चिकटलेली कुसळं एकेक उपटायचे. त्यातली काही पायरीजवळच्या झाडाखाली रुजली. गवत मोठं नाजूक, उन्हाचं वावडं. जमिनीलगत सरपटायचं, पेरापेराला मुळं फुटायची. पानं रुंद, कडेला चुणीदार. कुसळं अशी चिकट की जवळ जाईल त्याच्याबरोबर निघालीच. तुमच्या धाकट्या मावशीसारखी, असं मामी आम्हा भाचरांना म्हणायची.

पुढे जंगल गेलं. गवत उरलं ते एवढंच, खाटेएवढं. मग साहेबांच्या गाडीसाठी ते झाडही तोडलं आणि तिथे फरशी घालायचं ठरलं. मामा धावत गेले. साहेबांनी पुस्तक उघडलं.

"हे गवत झाडाखालीच वाढतं, असं यात लिहिलंय. तिथे झाड आहे का?"

"तुम्हीच तोडलंत ना, साहेब."

"म्हणजे नाही. मग हे ते गवतच नाही."

दुसऱ्या दिवशी मामांना पानं पिवळी पडलेली दिसली. छत्री उघडून ते गवताशी उभे राहिले. साहेब टेप घेऊन आले, मामांना मापलं आणि लिहिलं: 'खोड एक. उंची पाच फूट चार इंच. सावली पुरेशी.' फरशी रद्द. खाली एक अट होती: खोड हलल्यास फरशी घालावी.

तेव्हापासून मामा ऊन असेतो तिथेच.

"घरात तरी कुठे हलता? तुम्हाला काय जड जाणार!" मामी म्हणाली. पण डबा रोज स्वतः घेऊन जायची.

निवृत्तीचा अर्ज परत आला. खोड निवृत्त होत नाही, असा शेरा होता. मामांनी पायाशी एक रोप लावलं. ते डोक्यावर गेलं की आपण सुटलो, म्हणायचे. पण ते मेलं रोप महा आळशी. सहा वर्षांत कमरेपर्यंत आलं, आणि मामा चक्कर येऊन पडले. महिनाभर उठायचं नाही, डॉक्टरांनी बजावलं. मामांना काळजी गवताची. लहान मुलासारखे रडले.

मामीने त्यांचे मोजे चढवले, छत्री उचलली आणि गेली. मी मागोमाग गेलो. साहेब टेप घेऊन हजरच.

"पाच फूट? चार इंच कमी कसे?"

"छाटणी केली," मामी म्हणाली.

साहेबांनी तसं लिहून घेतलं.

संध्याकाळी मामी खाटेच्या कडेला बसली. मामांनी पडल्यापडल्या तिचे पाय जवळ ओढले आणि मोज्यांवरची कुसळं एकेक काढली. त्यातलं एकही त्यांनी फेकलं नाही.