उजवीकडचा चौकोन

मुलांनो, तुम्ही दोघं तिकडे मोबाइलच्या स्क्रीन आखण्याचं काम करता, म्हणून हे तुम्हालाच लिहिते. मी अजून सावरलेली नाही.

तुमची धाकटी आजी, म्हणजे माझी जाऊ, हिच्या डाव्या डोळ्याने केव्हाच काम सोडलं आहे. यंदा उजव्यातही मोतीबिंदू पिकला. सावंतवाडीच्या एका खासगी दवाखान्यात ऑपरेशन ठरलं. मोठे डॉक्टर तिथे महिन्यातून एकदाच येतात. नंतर बरेच दिवस केसांना पाणी लावायचं नाही म्हणून तिने आदल्या दिवशी डोक्यावरून अंघोळ केली. पहाटेच्या एसटीने आम्ही मिठबावहून निघालो, वाटेत गाडी बदलली आणि वेळेच्या आधी पोचलो.

काउंटरवरच्या मुलीने कॉम्प्युटरमध्ये पाहिलं. "आजी, तुमचं नाव नाही. काल तुम्हीच रद्द केलंत."

"माज्या डोळ्याचा ऑपरेशन मी कित्या रद्द करीन गो?" जाऊ म्हणाली.

पण तिची जागा दुसऱ्या बाईंना दिलेली होती आणि त्या आत गेल्याही होत्या.

बाकावर बसून मी तिचा मोबाइल उघडला. दवाखान्याच्या ॲपवर आदल्या दिवशीचा प्रश्न अजून तसाच होता: उद्या येणार का? खाली दोन चौकोन. दोन्ही राखाडी, एकाच मापाचे, एकमेकांना चिकटलेले. त्यांवरची पांढरी अक्षरं इतकी बारीक की चष्मा लावूनही मला मोबाइल नाकाशी न्यावा लागला. डावीकडे 'येणार', उजवीकडे 'रद्द'.

"तू काय दाबलंस?"

"माका वाचूक खंय येता? दोन डबे दिसले. उजवो दाबलंय."

"उजवाच का?"

मलाच वेड लागलंय असं तिने माझ्याकडे पाहिलं. "वयनी, देवळात इतकी वर्सां कौल बघतंस मा? देवाच्या उजव्या बाजून फूल पडला तर होय, डाव्या बाजून पडला तर नाय. माका होय म्हणूचा होता."

मला हसू आलं नाही. आमच्या गावात न वाचता दाबायची वेळ आली असती तर कुणीही उजवाच दाबला असता. आणि हे डोळ्यांच्या दवाखान्याचं ॲप! ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी केलेलं, आणि अक्षरं राखाडीवर पांढरी! फिनेल आणि खोबरेल मी एकसारख्या बाटल्यांत भरून एका फळीवर ठेवत नाही. 'येणार' मोठं हवं, ठळक हवं. 'रद्द' त्याच्यापासून लांब, वेगळ्या रंगाचं हवं, आणि चुकून दाबलंच तर "नक्की ना?" असं विचारायला नको? माझ्यासारखीला हे सुचतं, मग ज्यांचं ते कामच आहे त्यांना का सुचू नये?

काउंटरवरची मुलगी म्हणाली, "तुम्ही काही पहिल्या नाही, आजी. दर खेपेला कुणी ना कुणी असं येतंच."

"मग ॲप करणाऱ्यांना सांगितलं नाहीत?"

"सांगितलं की. ते म्हणाले, दोन्ही सारखे असले की दिसायला छान दिसतं."

याचा धक्का मला पहिल्यापेक्षा मोठा बसला. दिसायला छान! कुणाला?

मोठे डॉक्टर पुन्हा येईपर्यंतचा सगळा महिना जाऊने अंदाजाने काढला. चुलीवरचा चहा उतू गेल्याचं तिला आवाजावरून कळायचं.

आज दुपारी पुन्हा तोच प्रश्न आला. तिने मोबाइल माझ्या हातात कोंबला. "तूच दाब. मी हात लावूचंय नाय."

मी 'येणार' दाबलं. काहीच झालं नाही. रंग बदलला नाही, एक शब्द उमटला नाही. लागलं की नाही हे कसं कळायचं? बोट पुन्हा खाली नेलं होतं, पण थांबले आणि दवाखान्यात फोन केला.

"थांबा हं... हो, आलंय तुमचं," तीच मुलगी म्हणाली. "पुन्हा दाबलं नाहीत ना?"

"नाही. का?"

"दुसऱ्यांदा दाबलं की रद्द होतं."

मी फोन ठेवला. जाऊ शेजारून विचारत होती, "काय म्हणता ती? जावचा मा?"

"जायचंय," मी म्हटलं, "पण उद्या तू डॉक्टरांसमोर बसेपर्यंत या वस्तूला घरात कोणी हात लावायचा नाही."