जिचं कार्ड, तिनंच काढायचं

सुकन्या शेलारची चित्रकलेची वही मागून घेणं शाळेत भलतंच जिकिरीचं काम होतं. हात पुढे केला की ती आधी विचारायची, "बघायला हवी का रंगवायला?" नुसती बघायची असेल तर चौघीजणी डोकी एकत्र करून बघा, तिची काही हरकत नसे. पण कुणाला त्यात रंग भरायचा असेल तर वही त्या एकीच्याच हातात जायची. तोवर बाकीच्यांनी डोकवायचंसुद्धा नाही, आणि हा नियम ती स्वतःलाही लावायची. वही परत मिळाल्याशिवाय घरी जात नसे. मुली तिला चिकट म्हणत. म्हणोत बापड्या.

पुढे नोकरीत तिला एक संगणकाची भाषा भेटली आणि तिचा स्वभाव हुबेहूब सुकन्यासारखा निघाला. भाषेचं नाव रस्ट. कशेळीला खाडीच्या अलीकडे गोदामांतल्या यंत्रांचे कंट्रोल बॉक्स बनवणारं एक छोटं वर्कशॉप आहे, तिथे सुकन्या त्या बॉक्सांच्या आतले प्रोग्राम लिहिते. साहेबांनी ठरवलं की यापुढे प्रोग्राम रस्टमध्ये लिहायचे, आणि सगळ्यांच्या नाकी नऊ आले. कारण या भाषेत तुम्ही लिहिलेलं यंत्राला समजेल असं करून देणारा जो कंपायलर असतो, तो एखाद्या खाष्ट सासूसारखा दारातच अडवतो. ही वस्तू कुणाची? मालक एकच हवा. दुसऱ्याला देऊन टाकलीस ना, मग आता परत हात कसा लावतेस? उसनी दिलीस? बघायला दिलीस की बदलायला? आणि मालकच निघून गेला तर उसनं नेणाऱ्याच्या हातात काय उरणार? बाकीच्या पोरांनी हात टेकले. सुकन्याला मात्र आपल्या माहेरी आल्यासारखं वाटलं. तिची चित्रकलेची वही कुणीतरी थेट यंत्राच्या पोटात नेऊन ठेवली होती.

तिची आई काशी, वळ गावातल्या एका गोदामात खोकी वाहून नेणाऱ्या बेल्टवर कामाला. त्याआधी कितीतरी वर्षं ती कापड विणणाऱ्या लूमच्या कारखान्यात सुताच्या कांड्या भरायची. कारखान्यातले लूम भंगारात गेले आणि काशी गावातल्या इतर बायांबरोबर गोदामात आली. येताना तिथली एक रीत मात्र घेऊन आली. कारखान्यात महादू नावाचा जॉबर, म्हणजे लूम दुरुस्त करणारा कारागीर, होता. लूममध्ये हात घालण्याआधी तो आपला गमछा हँडलला बांधायचा. गमछा दिसला की मालक आला तरी लूम चालू करत नसे, आणि ज्याचा गमछा त्यानंच सोडायचा. गोदामात बायांकडे गमछे कुठले? काशीनं गळ्यातलं ओळखपत्र काढून स्टार्टरच्या हँडलला अडकवायला सुरुवात केली. बेल्टच्या वळणावर रोलरजवळ खोके अडकतात, तिथे हात घालून ते सोडवावे लागतात. आधी कार्ड लावायचं, मग हात घालायचा. जिचं कार्ड, तिनंच काढायचं. हळूहळू सगळ्याजणी तसंच करू लागल्या.

मग गोदामाचे मालक हितेश पाटील यांनी नवा बेल्ट आणला. राहनाळच्या जुन्या घरातला माणूस, कामाचा झपाटा मोठा आणि जीभ त्याहून मोठी. नव्या बेल्टला हँडल नव्हतं, नुसतं बटण होतं. बेल्टच्या कडेला एक डोळा, म्हणजे सेन्सर, बसवलेला. खोका अडकला की डोळ्याला कळणार आणि बेल्ट थांबणार, खोका उचलला की बेल्ट आपोआप चालू. बायांना प्रश्न पडला, कार्ड लावायचं कुठे?

या बेल्टचा कंट्रोल बॉक्स कशेळीहून येणार होता, म्हणजे प्रोग्राम सुकन्या लिहिणार होती. तिनं बॉक्सच्या बाजूला एक हुक बसवून घेतला. हुकावर कार्ड टांगलं की आतला स्विच दाबला जाणार आणि बेल्ट काही केल्या हलणार नाही. काशीचा आनंद काय सांगावा! डबा खाताना ती बायांना सांगायची, "माझ्या पोरीनं लिवलाय यो बेल्ट." जणू रोलरसुद्धा पोरीनंच घडवले होते. त्या रोलरशी रोज जो हात जाणार होता तो कुणाचा, हे सुकन्याला मात्र पक्कं ठाऊक होतं. त्याच हातानं तिची वेणी घातली होती.

प्रोग्राम जवळजवळ झाला, फक्त एक काम अडलं. खोका उचलल्यावर बेल्ट परत चालू करायचा. हे काम आत्ता करायचं नसतं, पुढे कधीतरी करायचं असतं. अशा वेळी रस्टमध्ये एक गाठोडं बांधून ठेवतात. काय करायचं ती सूचना आणि त्यासाठी आजूबाजूचं जे सामान लागेल ते, दोन्ही एकत्र. त्याला क्लोजर म्हणतात. सुकन्याच्या गाठोड्यात एक अगदी बारीकसा जिन्नस होता: हुकावर कार्ड आहे की नाही, एवढंच हो-नाही. कंपायलरनं लगेच अडवलं. हे गाठोडं उद्या-परवा कधीतरी उघडणार, आणि तू त्यात उसनी वस्तू बांधतेस? मालक तोवर असेल कशावरून? मग त्यानंच सल्ला दिला, 'मूव्ह' असं लिही, म्हणजे गाठोडं ती वस्तू स्वतःच्या मालकीची करून नेईल. सुकन्यानं लिहिलं. कंपायलर गप्प बसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बॉक्स वळच्या गोदामात बसवला. हितेशदादा, काशी, चार बाया आणि बेल्टचा फिटर इश्तियाकभाई, सगळे गोळा झाले. काशीनं कार्ड टांगलं, इश्तियाकभाईनं बटण दाबलं, बेल्ट ढिम्म हलला नाही. कार्ड काढलं, बटण दाबलं, बेल्ट सुरू. बायांनी टाळ्या वाजवल्या. हितेशदादा म्हणाले, "झालं काम. उद्या सकाळी गाड्या लावतो."

सुकन्याच्या मनात मात्र एक खडा टोचत होता. एखादी वस्तू देऊन टाकल्यावर आपण तिला पुन्हा हात लावला की कंपायलर आकाशपाताळ एक करतो. ते हो-नाही तर तिनं गाठोड्याला देऊन टाकलं होतं. तरी खालच्या ओळींत, बटणाच्या कामात, ती तेच वापरत होती. मग तो ओरडला का नाही?

काशीनं परसातला एक दुधी इश्तियाकभाईला द्यायला आणला होता. सुकन्यानं एक खोका डोळ्यासमोर अडकवून बेल्ट थांबू दिला, मग दुधी मागून घेतला, त्याच्या टोकाला कामाचा हातमोजा चढवला आणि तो लाकडी पट्टीला बांधून रोलरच्या तोंडाशी धरला.

"काय करतंस गो?" काशीनं विचारलं.

"बटण नाही दाबायचं. तू रोज करतेस तसं कर. कार्ड लाव, आणि अडकलेला खोका उचल."

काशीनं कार्ड लावलं. खोका उचलला. डोळा मोकळा झाला आणि हुकावर कार्ड लटकत असताना बेल्ट धाडकन सुरू झाला. दुधी मोज्यासकट रोलरखाली गेला. इश्तियाकभाईनं धावत जाऊन मेन स्विच पाडला.

"गया दुधी," तो पुटपुटला. कुणी हसलं नाही. काशी आपल्या उजव्या हाताकडे बघत राहिली.

सुकन्याचा चेहरा पांढराफटक पडला होता, पण आवाज ठाम होता. "चूक माझी आहे. बेल्टची नाही, डोळ्याची नाही." मग तिनं सगळ्यांना समजेल असं सांगितलं. "मी एक काम बांधून ठेवलं होतं. बांधलं तेव्हा हुक रिकामा होता, म्हणून त्यात 'कार्ड नाही' असं गेलं. मोठी वस्तू दिली तर ती इथून जाते. पण एवढंसं हो-नाही दिलं की त्याची नक्कल जाते आणि मूळ इथेच राहतं. दोघांकडे आपापलं, भांडण नाही, म्हणून कंपायलर ओरडला नाही. बटण मूळ बघतं. बांधलेलं काम आपली जुनी नक्कल बघत बसलं. आई, तू कार्ड लावलंस ते त्याला कळलंच नाही."

"मंग कारड लावून उपेग काय?" काशी म्हणाली.

"काहीच नाही."

हितेशदादांच्या कपाळावर आठ्या पडल्या. "ताई, गाड्या सांगून ठेवल्यात मी. तवर बायांना सांगू, जरा जपून हात घाला. तुजं काय ते बारीकसारीक मागाहून कर."

सुकन्या भिंतीवरच्या मेन स्विचकडे गेली, गळ्यातलं स्वतःचं कार्ड काढलं आणि स्विचच्या दांडीला अडकवलं. सगळ्या बाया बघत होत्या. हितेशदादा दोन पावलं पुढे आले. त्यांचंच गोदाम, त्यांचाच बेल्ट, त्यांचीच वीज. कार्ड काढायला कितीसा वेळ लागतो? पण त्या गोदामात आजवर दुसऱ्याचं कार्ड कुणी काढलेलं नव्हतं. ते थांबले, फोन बाहेर काढला आणि गाड्या पुढे ढकलायला बाहेर निघून गेले. जाताना बडबडत होते, ते बडबडणारच. पण माणूस भला, एवढं म्हणायलाच हवं.

पुढल्या दिवशी दुपारी सुकन्या परत आली आणि मेन स्विचवरचं आपलं कार्ड तिनं स्वतःच काढलं. या वेळी तिनं गाठोड्यातून ते हो-नाही काढूनच टाकलं होतं. आता खोका उचलला की गाठोड्यानं फक्त हाक मारायची, 'उचलला हो!' चालू करायचं की नाही हे त्यानं ठरवायचंच नाही. हुक ज्या एका कामाच्या ताब्यात, ठरवणार ते एकटं. मालक एकच. मला विचाराल तर चूक दुरुस्त करणारे पुष्कळ असतात, पण कुणालाच दिसली नसती अशी चूक भर गोदामात दुधी लावून सगळ्यांना दाखवणारी माणसं थोडी. आपल्याला तर त्या मुलीचा अभिमान वाटतो.

काशीनं नवा दुधी आणला होता. कार्ड लावून खोका कितीदा तरी उचलून झाला. दुधीला ओरखडा नाही. हितेशदादा म्हणाले, "बास ना आता?"

"एक राहिलंय," सुकन्या म्हणाली. तिनं बांगडी काढली, आपलं कार्ड हुकावर टांगलं आणि रोलरच्या तोंडाशी, नेमका आई घालते तिथे, स्वतःचा हात घातला. "आई, खोका उचल."

"येडी हायस का? मी न्हाय उचलणार. इश्तियाकला सांग."

"रोज कोण उचलतं? तूच ना?"

काशी इकडेतिकडे बघू लागली. कुणी मदतीला येईना. शेवटी तिनं डोळे मिटले आणि खोका उचलला. बॉक्समध्ये टक् असा आवाज झाला. बेल्ट जागचा हलला नाही. काशी खोका छातीशी धरून तशीच उभी राहिली, तो खाली ठेवायचंही तिला सुचेना. मग तिनं तो ठेवला आणि पोरीच्या पाठीत एक धपाटा घातला. तेवढ्या घाईत हुकावरचं कार्ड काढायला तिचा हात गेला आणि अर्ध्यावरच थांबला.

"काढ, तुजं तू."

सुकन्यानं आपलं कार्ड काढून गळ्यात घातलं. तिला वाटलं, संपलं. पण काशीनं खोका पुन्हा डोळ्यासमोर सरकवला, आपलं कार्ड हुकावर लावलं आणि बॉक्सकडे ढुंकूनही न बघता हात आत घातला.

"आता तू उचल."

"आई, नको. तपासून झालंय सगळं."

"झालंय ना? मंग उचल की."

आदल्या दिवशी मालकासमोर न डगमगलेली, घटकेपूर्वी स्वतःचा हात घालताना पापणीही न लववलेली सुकन्या आता खोक्याला हात लावायला धजेना. आत गेलेला तो हात तिला दिसत होता, अंगठ्यावर कांड्यांनी पडलेल्या घट्ट्यांसकट. आपण लिहिलेली ओळ न् ओळ तिनं मनातल्या मनात पुन्हा वाचली. काशी मात्र शेजारणीशी संध्याकाळच्या भाजीबद्दल बोलत होती.

सुकन्यानं दोन्ही हातांनी खोका उचलला. बेल्ट हलला नाही.